घमेलं

उद्यमनगरातल्या आमच्या फौंड्रीत
रात्रपाळीला इनास लोबो गायचा.
गायचा म्हणजे काय,
साच्यात वाळू ठोकता ठोकता
नाकातून काहीतरी लांबवायचा,
ब्लोअरच्या आवाजाच्या खालून.
आम्हाला वाटायचं, चर्चमधलं असेल.
बापू खोत ओरडायचा, "इनासभाऊ, जरा नाचण्याजोगं होऊ दे की!"
इनास मान हलवायचा, आणि तेच पुन्हा,
आणखी एक पट्टी खाली.

एकदा चहाला बसल्यावर त्यानं अर्थ सांगितला.
म्हणजे, त्याच्या आईनं त्याला सांगितला होता तेवढा.
एक बाई आहे. खिडकीत.
खाली नदी समुद्राला मिळते.
तिचं कुणीतरी गलबतातून गेलंय.
"मग?"
मग काही नाही.
चारी कडवी ती खिडकीतच.
"येतो का तो माघारी?"
"गाणं त्याचं नाहीच," इनास म्हणाला,
"गाणं वजनाचं आहे,"
आणि पायानं शेजारचं घमेलं सरकवलं.

हा शब्दही त्यांचाच, म्हणाला. घमेलं.
चावी त्यांची. पगार त्यांचा.
पिंप, साबण, इस्त्री, लिलाव.
मेस्त्री. म्हणजे वीस वर्षं लोक मला
पोर्तुगीजमधून हाक मारत होते.
बापूला हे पटेना.
"एवढं सामान बोटीतून उतरवलं,
मग दुःखाचा शब्द तेवढा वर का ठेवला?"
आहे ना, इनास म्हणाला. सौदाद.
आम्ही तो चहाबरोबर तोंडात घोळवून बघितला.
मला आपला सरळ मराठीच वाटला:
कुणीतरी परस्पर सौदा केला
आणि दाद लागू दिली नाही.

त्याचा मिंगेल आजोबाच्या जुन्या दाखल्यावर
पासपोर्ट काढून लिस्बनला गेला होता,
एका हॉटेलात भांडी घासत होता.
हे आम्हाला फार उशिरा कळलं,
तेही बँकेत, दुसऱ्याच कुणाकडून.
"पोरगं काय म्हणतंय?" विचारलं की
इनास म्हणायचा, "निवांत."

आमच्या गावाचा हाच एक शब्द.
धंदा बसला, निवांत.
बायपास झाली, निवांत.
सावडून परत येणारा माणूस
पंचगंगेच्या पायऱ्यांवर चपलेतली राख झाडत असतो,
वरून कुणी विचारतं, "काय, कसं?"
आणि तो म्हणतो, निवांत.
एक अख्खं गाव झाकता येईल एवढं मोठं झाकण.
गोव्यातून आलेला इनास
तेवढ्यापुरता पक्का कोल्हापुरी झाला होता.

फौंड्रीचा लिलाव एका मंगळवारी झाला.
भट्टी वजनावर गेली.
साचे जळणाच्या भावानं.
इनास बहिणीकडे सावंतवाडीला गेला,
जाताना हात मिळवला, वाळूचा हात,
इतक्या वर्षांत पहिल्यांदा धुतलेला.
पुढच्या शिमग्यात गेल्याचं कळलं.
शटरची चावी माझ्याकडेच राहिली.
नव्या मालकानं नवं कुलूप लावलं,
मागायला कुणी आलं नाही.
ती शर्टाच्या खिशात असते. इस्त्रीवाला
दर आठवड्याला काढून हातात देतो.

परवा रात्री झोप नव्हती.
कोटितीर्थाकडून बेडकांचा आवाज येत होता.
मी नाकातल्या नाकात काहीतरी म्हणत होतो म्हणे.
इंदुबाई म्हणाली, "कसलं गाणं?"
तोंडावर निवांत आलं होतं. गिळलं.
म्हटलं, एक बाई आहे. खिडकीत.
"मग?"
मग काही नाही.

ती उठली. पदर नीट केला,
खिडकीचा अडकलेला गज खालून दाबून
पल्ला उघडला.
खाली नदीबिदी नव्हती.
कुणाचं तरी पोरगं रस्त्याच्या दिव्याखाली टेंपो धूत होतं,
बादली, साबण, फडकं.
बराच वेळ ती तिथेच उभी राहिली.
कोण गेलंय तुझं, असं मी
तेहतीस वर्षांत विचारलं नव्हतं.
परवाही विचारलं नाही.
फक्त सरकून जागा केली.